मोडीत गेलेल्या गाडीची बाजू

जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटली की गाड्या लागतात दोन आणि नाव होतं एकीचंच. अमेरिकेत कुणी १९६६ ची डॉज चार्जर नव्यासारखी केली की तिचे फोटो छापून येतात, प्रदर्शनात तिच्याभोवती माणसं गोळा होतात. तिला दरवाजे, काचा, गिअरबॉक्स ज्या दुसऱ्या चार्जरने दिले, ती तोवर लोखंडाच्या भावाने गेलेली असते. आपल्याकडे तसल्या दांडग्या इंजिनाच्या मसल कार कधी बनल्या नाहीत. डॉज हे नाव मात्र परकं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात होत्या. पुढे तिथेच फियाट आली आणि महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा जीव बहुतकरून तिच्यातच अडकला. गाडी कुठलीही असो, रीत तीच. एक जगवायची तर दुसरी खोलायची. गॅरेजात या दुसरीला नुसतं 'पार्टची गाडी' म्हणतात. तिला याहून वेगळं नाव नसतं.

या बिननावाच्या गाडीच्या बाजूने उभा राहणारा एक सिनेमा आहे, ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक'. १९५८ सालचा, बंगाली, काळा-पांढरा. माणसाचं यंत्रावरचं प्रेम दाखवणारा सिनेमा अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण गाड्या खोलणाऱ्या-जोडणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून तो पाहिला तर आणखी एक गोष्ट हाती लागते. ज्या गाडीचा शेवट सुट्ट्या भागांत होतो, तिलाच घटक नायिका करतात. तिला नाव देतात, स्वभाव देतात, आवाज देतात, आणि मगच भंगारवाल्याच्या हवाली करतात.

मूळ कथा सुबोध घोष यांची. घोष यांनी स्वतः हजारीबागेकडे बसवर कंडक्टरचं काम केलेलं होतं, त्यामुळे गाडी, रस्ता आणि उतारू यांचं नातं त्यांना आतून ठाऊक होतं. तेव्हाच्या बिहारातलं, रांचीच्या बाजूचं एक लहान गाव. तिथे बिमल नावाचा टॅक्सीवाला एकटाच राहतो. १९२० च्या घडणीची शेव्हर्ले, हेच त्याचं घरदार. तिचं नाव जगद्दल. ज्या वर्षी आई गेली त्या वर्षी ही गाडी आली, असा त्याचा हिशेब. टप फाटकं, पत्रा पोचलेला, चालताना सगळं अंग खिळखिळं. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर हसतात, पोरं चिडवतात. बिमल सगळ्यांशी भांडतो आणि गाडीशी बोलतो. काली बॅनर्जींनी हा बिमल उभा करताना त्याला कुठेही गोड होऊ दिलेलं नाही. तो तिरसट आहे, मानी आहे, हिशेबाला पक्का आहे. म्हणून त्याचं गाडीवरचं प्रेम लाडिक वाटत नाही.

घटक महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. मुंबईत ते काही काळ फिल्मिस्तानमध्ये लेखक होते, बिमल रॉय यांच्या 'मधुमती'ची कथा त्यांची, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी त्यांच्या हाताखाली शिकले. तरीही 'अजांत्रिक'ची चर्चा आपल्याकडे बरीचशी फिल्म सोसायट्यांपुरती राहिली. तो डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात पाहावा असं मला वाटतं, कारण त्यातलं बरंच काही इथे समजावून सांगावं लागत नाही.

स्टेशनाबाहेरचा स्टँड, तिथली नंबरावरून होणारी वादावादी, चढाला दम टाकणारी गाडी, लग्नघाईत वाहनासाठी धावपळ करणारी माणसं हे डहाणू रोडच्या माणसाला काय सांगायचं? सिनेमात एका बाजूला उरांव आदिवासींचे नाच आणि झेंडे आहेत, दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि खाणींचा मुलूख. इथेही वारल्यांचे पाडे, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पश्चिम रेल्वेचे रूळ आणि औष्णिक वीजकेंद्राची चिमणी एकाच तालुक्यात नांदतात. चिकूच्या वाड्यांमधल्या शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवलेली जुनी फियाट इथे नवलाची नाही. जुन्या गाडीच्या व्यवहारात 'पारशाची गाडी' एवढे दोन शब्द ऐकले की भाव चढतो, हेही इथल्या माणसाला ठाऊक असतं. आणि खंडेनवमीला महामार्गाकाठच्या गॅरेजात पाने, जॅक, हातोडे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं जातं, गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. हे करणाऱ्या माणसांना बिमल वेडा वाटणार नाही. फार तर, हा रोजच खंडेनवमी पाळतो, असं म्हणतील.

सिनेमाची सुरुवात घटक हसवून करतात. एक नवरदेव आणि त्याचा मामा लग्नाला उशीर होतोय म्हणून कासावीस होऊन स्टँडवर येतात. जगद्दलखेरीज गाडी मिळत नाही. मामाची नाराजी, नवरदेवाचे आवरलेले कपडे आणि त्यांची रस्त्यात होणारी दैना पाहून आपण मनमुराद हसतो. इथे दिग्दर्शकाची चाल लक्षात घ्यावी. प्रेक्षकाने त्या दोघांच्या बाजूने गाडीकडे पाहावं, तिला भंगार म्हणावं, अशी सोय त्याने करून ठेवली आहे. एकदा आपण हसलो की पुढच्या दीड तासात त्या हसण्याची वसुली होते. पुढे गावातलं कुणी जगद्दलला हसतं तेव्हा आपल्याला ते लागतं, कारण तसंच आपण आधी हसलेलो असतो.

मग घटक आवाज हाती घेतात, आणि या सिनेमाचा प्राण तिथे आहे. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की जगद्दल घटाघटा पिते. दमली की कण्हते. बिनसली की तिच्या पोटातून जे येतं ते कुठल्याही इंजिनाचं नसतं. हेडलाइट आपले आपण वळतात, कुणी मान वळवावी तसे. उस्ताद अली अकबर खाँ यांचं संगीत आणि हे घडवलेले आवाज एकमेकांत मिसळून गेले आहेत. एखाद्या समीक्षकाला यात कल्पनाविलास दिसेल. गॅरेजातल्या माणसाला तो दिसणार नाही, कारण त्याचं निम्मं निदान कानावरच चालतं. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. टॅपेटची टकटक वेगळी, बेअरिंगची घरघर वेगळी, पिस्टन सैल झाल्याचा ठोका वेगळा. चांगला मेस्त्री गाडी उघडण्याआधी ऐकतो, मग बोलतो. घटकांनी हाच कान प्रेक्षकाला लावायला दिला. बिमलला ऐकू येतं ते आपल्यालाही ऐकू येऊ लागलं की जगद्दल जिवंत आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

फोटोचा प्रसंग पाहा. बिमल ठेवणीतले कपडे घालून जगद्दलबरोबर फोटो काढून घेतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात एक गंभीर खटाटोपही आहे. ज्याच्या कुटुंबाची कुठे नोंद नाही असा माणूस आपल्या घराची नोंद करून ठेवतो आहे. गाडी नवी होती तेव्हाचा फोटो काढायला सगळेच हौसेने उभे राहतात. बिमल तिच्या उतारवयात उभा राहतो.

त्याच्या आयुष्यात एकदा एक तरुणी येते. एका पुरुषाबरोबर पळून आलेली, जगद्दलमधून गेलेली, आणि काही दिवसांनी तो सोडून गेल्यावर एकटी सापडलेली. बिमल तिला स्टेशनावर पोचवतो, तिच्या तिकिटाची सोय करतो. या भागात गाडीचे आवाज बदलतात, ती रुसली आहे असं बिमललाही वाटतं आणि आपल्यालाही. काजल गुप्तांनी ही भूमिका मोजक्या नजरांवर पेलली आहे. रेल्वे निघून गेल्यावर बिमलचा तोल जातो आणि पहिल्यांदाच तो जगद्दलवर खवळतो. कुणा माणसाची ओढ लागली, आणि त्याच क्षणी गाडी निव्वळ यंत्र झाली. इथून सिनेमाचा उतार सुरू होतो.

त्यानंतर बिमल जे करतो ते जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने कधी ना कधी केलेलं असतं. साठवलेला पैसा काढतो, नवे पार्ट आणतो, रात्रंदिवस खपून गाडी जोडतो. मग दगड लादून तिची परीक्षा घेतो. जगद्दल त्या परीक्षेत कोसळते. नवे पार्ट घालूनही ती का मेली? सिनेमा याचं उत्तर देत नाही, गॅरेज देतं. नव्या भागाने जुन्याचा जोर कळतो. इंजिन घट्ट केलं की त्याचा ताण गिअरबॉक्सवर जातो, गिअरबॉक्स बदलला की मागच्या अॅक्सलवर. दुखणं सगळ्या अंगात मुरलेलं असेल तर एक भाग सुधारल्याने दुसऱ्याचं मरण जवळ येतं. म्हणून शहाणा मेस्त्री सुटे पार्ट आणत बसण्यापेक्षा त्याच जातीची आख्खी गाडी शोधा म्हणतो. एकत्र झिजलेले भाग एकमेकांना सांभाळून घेतात.

ती गाडी निवडणं हीही एक कला आहे. ज्या गोलमटोल फियाटला महाराष्ट्रात लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणतात, तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरलेले, म्हणजे उलटे उघडणारे. १९६४ ला डिलाइट आली आणि ते सुलटे झाले. त्यामुळे याच फियाटचं पुढचं रूप असलेल्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन डुक्कर फियाटला एका घराण्यातलं म्हणून चालेल, पण दरवाजा चालणार नाही. दरवाज्यासाठी तिच्याच वयाची गाडी मारावी लागते. या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं कवच हाच सांगाडा. डहाणूच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी रंगाने कितीही देखणी दिसो, दरवाज्याखालच्या पट्टीवर मेस्त्री आधी चुंबक फिरवतो. चुंबक धरत नसेल तर आत पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. तलासरीच्या बाजूला, समुद्रापासून आत उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा जास्त टिकतो, म्हणून रंग उडालेली असूनही ती कामाची ठरते. टॅक्सीतून निघालेलं इंजिन मिळालं आणि ते सीएनजीवर चाललेलं असलं, तर हेड उतरवून आधी व्हॉल्व्हच्या सीट पाहायच्या. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तिच्याआधी उतरलेल्या हजारोंतल्या कित्येकींचे अवयव आज कुणाच्या तरी चकचकीत फियाटमध्ये फिरत आहेत. त्या फियाटच्या मालकाला विचारा, तो इंजिनाची तारीफ करील. टॅक्सीचा विषय निघणार नाही.

कायदाही विजेत्या गाडीच्याच बाजूने बोलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खासगी वापराची, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही. म्हणजे जगद्दल आज असती तरी या मानाला पात्र ठरली नसती, कारण ती पोटासाठी धावत होती. राबलेल्या गाडीला वारसा म्हणायची आपली तयारी नसते. घटकांनी नेमकी राबलेली गाडी निवडली आणि सबंध सिनेमाचा मान तिला दिला.

याच सिनेमात बुलाकी नावाचा एक वेडा आहे. ही भूमिका करणारे केष्टो मुखर्जी पुढे हिंदीत दारुड्याच्या भूमिकांसाठी गाजले, पण इथले ते पाहावेत. बुलाकीचा जीव एका जुन्या, पोचे आलेल्या भांड्यात अडकलेला आहे. शेवटाकडे त्याला नवं भांडं मिळतं आणि तो जुनं विसरून आनंदाने नाचतो. बिमलच्या शोकाशेजारी घटकांनी हे ठेवलं आहे, आणि ते क्रूर आहे. वेडा कोण, असा प्रश्न सोपा करून सोडण्याऐवजी ते दोन प्रकारची प्रेमं समोरासमोर मांडतात. एकाला वस्तू हवी होती, ती मिळाली. दुसऱ्याला नेमकी तीच हवी होती.

उरांवांच्या प्रसंगांबद्दल मतभेद होऊ शकतात. नाच लांबतो, कथेचा धागा सैल होतो, आणि आदिवासींना बिमलच्या मनाचं प्रतीक म्हणून वापरल्यासारखं काही ठिकाणी वाटतं. त्या माणसांना स्वतःची गोष्ट मिळत नाही. पळून आलेल्या तरुणीचंही तसंच, ती बिमलच्या आयुष्यातून जाण्यासाठीच येते. पण घटक या मुलखात पाहुणे नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी बिहारच्या आदिवासींवर माहितीपट केला होता, आणि वस्तूत, झाडात, दगडात जीव पाहणारी दृष्टी तिथे त्यांनी जवळून पाहिली होती. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांवर वाढलेल्या नजरेला हे लवकर उमगतं. माणूस, बैल, झाड, वारूळ सगळं त्याच पांढऱ्या रेघेतून येतं, कुणाची रेघ जास्त जिवंत नाही. अलीकडच्या वारली चित्रांत रेल्वे आणि बस आल्या त्याही त्याच रेघेत आल्या. बिमल या दृष्टीच्या शेजारी राहून त्या दृष्टीचा झाला, एवढंच घटकांना सांगायचं असावं.

शेवट सर्वांच्या लक्षात राहतो. जगद्दल वजनावर विकली जाते, मोडली जाते, तिचे तुकडे लादून नेले जातात. बिमल बघत उभा आहे. तेवढ्यात ओळखीचा आवाज येतो. एक लहान मूल जगद्दलचा रबरी फुग्याचा भोंगा दाबतं आहे. बिमलच्या डोळ्यांत पाणी आहे आणि चेहऱ्यावर हसू येतं. बहुतेक जण याला पुनर्जन्माची खूण म्हणतात, जीवन चालू राहतं वगैरे. मला हा शेवट त्याहून व्यवहारी आणि म्हणूनच अधिक मोठा वाटतो. पार्टची गाडी खोलताना पहिले निघतात ते भोंगा, दिवे, आरसे, बोनेटवरचं चिन्ह. मग दरवाजे, काचा. मग इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल. उरलेला पत्रा शेवटी काट्यावर चढतो. म्हणजे भोंगा कुणाच्या तरी हातात जाणारच होता. घटकांनी काहीही चमत्कार केलेला नाही, त्यांनी फक्त तो भोंगा कुणाच्या हाती जातो ते दाखवलं. आणि सिनेमाभर या गाडीचा जीव आवाजातच असल्यामुळे, आवाज देणारा भाग सुटा होऊन वाजतो तेव्हा गाडी गेली असं म्हणायला जागा राहत नाही.

त्याच १९५८ साली मुंबईत 'चलती का नाम गाडी' आला. तीन भावांचं गॅरेज, त्यांची चँपियन नावाची जुनीपुराणी गाडी, आणि तिचं शर्यत जिंकणं. तो आनंदाचा सिनेमा आहे आणि आजही पोट धरून हसवतो. फरक असा की तिथले मालक स्वतः मेस्त्री आहेत. त्यांची गाडी जिंकते, कारण तिच्यासाठी लागणारे सगळे पार्ट कुठून तरी येतात. कुठून, हे विचारायची त्या सिनेमाला गरज नाही. एकाच सालात एका सिनेमाने विजेत्या गाडीची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्याने पार्टच्या गाडीची. आपण पहिलीची गाणी गुणगुणत राहिलो, दुसरीला विसरलो.

'अजांत्रिक' पाहून गाडी जगवणाऱ्याने काय करावं? दुसरी गाडी मारू नये, असं म्हणण्यात अर्थ नाही. ती मारल्याशिवाय पहिली जगत नाही, आणि तीही तशी गंजूनच संपणार असते. पण आपल्या गाडीच्या फाइलीत रंगाची बिलं, लेथवाल्याची पावती, आरटीओचे कागद असतात, तिथे एक पान पार्टच्या गाडीचंही असावं. तिचा नंबर, साल, कुठे उभी होती, कुणाकुणाला घेऊन फिरली, तिच्यातून काय काय घेतलं. प्रदर्शनात गाडीसमोर माहितीचा फलक लावतात, त्यावर मालकाच्या नावाखाली ही एक ओळ आली तर कुणाचा मान कमी होणार नाही. तसा फलक लावला की पारितोषिक एकीला मिळालं तरी गाड्या दोन मोजल्या जातील.